कुत्रा कुंपणाखालून उकरून पळतोय, खड्डा बुजवला की परत तिथेच उकरतो – आमच्याकडे काय झालं आणि शेवटी काय केलं

आमचं घर मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, तळमजल्यावर. मागे छोटंसं परसदार आहे, २२ फूट लांब असेल, तीन बाजूंनी अँगलवर ताणलेली जाळी, एका कोपऱ्यात जास्वंद, एका बाजूला नळ. आमचा बंड्या देशी आहे, तीन वर्षांचा, रस्त्यावरून आणलेला. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला, माती मऊ झाली आणि यानं जाळीखालून उकरायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत चार वेळा बाहेर गेला. प्रत्येक वेळी आम्ही खड्डा बुजवला आणि प्रत्येक वेळी त्यानं तो परत उकरला, नाहीतर वीतभर बाजूला नवीन उकरला.

ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी तेव्हा खूप लोकांना विचारलं आणि प्रत्येकानं एकच सांगितलं, खाली सिमेंट टाका. सिमेंट हा उपाय आहे पण अर्धा. तो का उकरतोय हे कळल्याशिवाय सिमेंट टाकलं तर तो दुसरी जागा शोधतो, आणि आमच्यासारखी पावसाचं पाणी निचरा व्हायची जागाच तुम्ही बंद केलीत तर ते पाणी घराच्या जोत्याला लागतं ते वेगळंच.

आमच्या भागात कुत्रं रात्री बाहेर जाणं ही साधी गोष्ट नाही. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनी त्यांची विष्ठा तपासून दाखवलंय. मुलुंड, बोरिवली, आरे, येऊर, जंगलाला लागून राहणाऱ्या कुणालाही विचारा. चौथ्या वेळी बंड्या रात्री दोनच्या सुमारास गेला. बाबा आणि मी टॉर्च घेऊन साडेतीन तास फिरलो, हाका मारमारून घसा बसला, आणि पहाटे साडेपाचला तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्याखाली झोपलेला सापडला. पुढच्या दोन्ही पायांची नखं तुटली होती, एका नखातून रक्त येत होतं. त्या दिवशी ठरवलं की आता नुसता खड्डा बुजवायचा नाही, मुळापासून बघायचं.

आधी जे केलं आणि जे चाललं नाही

खड्ड्यात विटा टाकल्या, त्यानं विटांच्या बाजूची माती काढली आणि वीट आपोआप सैल झाली. जुन्या लाद्या उभ्या पुरल्या, आठ दिवस टिकल्या, मग मोठा पाऊस झाला आणि लादी आडवी. कुणीतरी मिरची पूड टाकायला सांगितलं, ती मी टाकली नाही आणि तुम्हीही टाकू नका, कुत्र्याचं नाक आणि डोळे दोन्ही जळतात, आणि पावसात ती तासाभरात वाहून जाते. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नको, कुत्र्यानं एखादी खाल्ली तर सरळ विषबाधा. बाबांनी दोन-तीन वेळा खड्ड्यापाशी नेऊन ओरडून बघितलं. उकरून झाल्यावर तासाभरानं ओरडलं तर त्याला त्या खड्ड्याचा आणि ओरडण्याचा संबंध लागत नाही, तो फक्त घाबरतो. आमचा चार दिवस बाबांजवळ जात नव्हता, उकरणं मात्र चालूच.

साखळीनं बांधून ठेवा हा सल्लाही भरपूर मिळाला. रात्रभर, दिवसभर आखूड साखळीला बांधणं चुकीचं तर आहेच, शिवाय १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली तो गुन्हा आहे. काम चालू असताना तासभर बांधलं तर गोष्ट वेगळी. आणि बांधलेलं कुत्रं दिवसेंदिवस जास्त बेचैन होतं, सोडलं की दुप्पट जोरानं उकरतं.

कारण शोधायचं कसं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून थोडं लांबवते. खड्डा कुठे आहे, केव्हा उकरतो आणि उकरून झाल्यावर काय करतो, या तीन गोष्टी बघायच्या. मी जुना फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगला लावून रेकॉर्डिंगवर ठेवला, दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं.

खड्डा सावलीत असेल, नळाजवळ किंवा कुंडीमागे, आणि उकरून तो त्यातच पोट टेकून झोपत असेल तर त्याला उकडतंय. एप्रिल-मेमध्ये मुंबईत हे फार दिसतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की तेही नीट होत नाही, मग खालची गार माती बरी वाटते. याचा पळण्याशी संबंध नाही, सावली, गार लादी, पाणी, दुपारी घरात पंखा, झालं.

तुम्ही घराबाहेर पडल्यावरच उकरत असेल, गेटपाशी किंवा तुम्ही जाता त्या बाजूला, तर एकटेपणा आणि कंटाळा. सकाळी दहा मिनिटं खाली नेऊन आणणं म्हणजे फिरवणं नव्हे, देशी कुत्र्याला तर नाहीच. त्याला वास घेत घेत सावकाश चालू द्या.

नर असेल, नसबंदी झालेली नसेल, आणि अचानक जेवण सोडून कुंपणापाशी कुंईकुंई करत असेल तर आसपास कुठलीतरी मादी माजावर आलीय. ते साधारण तीन आठवडे चालतं, तेवढे दिवस तो कशालाही जुमानत नाही. नसबंदी करून घ्या, भटकण्याची ओढ बरीच कमी होते. बंड्याची आधीच झालेली होती म्हणून आमच्याकडे हे कारण नव्हतं.

दिवाळीत, दहीहंडीला, विसर्जनाच्या रात्री डीजे आणि फटाक्यांना घाबरून उकरणारी कुत्री असतात. ती पिसाट उकरतात, नखं मोडेपर्यंत. त्यांना अंधार पडायच्या आत घरात घ्या, आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून. तिथे कुंपण दुरुस्त करून काही होत नाही.

आणि एक शक्यता लोक विसरतात, खड्डा बाहेरून आत आलाय का ते बघा. माती कुठल्या बाजूला पडलीय त्यावरून लगेच कळतं. कुत्रं माती पायांमधून मागे फेकतं, त्यामुळे ढीग आतल्या बाजूला असेल तर तुमचं कुत्रं, बाहेरच्या बाजूला असेल तर बाहेरचं कुणीतरी आत येतंय.

आता आमचं. रेकॉर्डिंगमध्ये बंड्या रात्री साडेअकरा-बाराच्या पुढे जास्वंदीच्या कोपऱ्यातच जायचा, बाकी कुंपणाकडे बघायचाही नाही. आधी थांबायचा. शेपूट एकदम स्थिर, मान एका बाजूला कलती, कान पुढे, पुढचा एक पाय उचललेला. मग नाक मातीत खुपसून जोरात फूं करायचा, माती उडायची, परत ऐकायचा आणि मग दोन्ही पायांनी सुरू. पळायची घाई असलेलं कुत्रं असं करत नाही, असं शिकारी करतो. खाली काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी उजेडात कोपरा नीट बघितला. जास्वंदीच्या बुंध्यामागे एक गोल भोक, साधारण चार बोटं रुंद, तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग. कुत्र्याचा खड्डा पसरट आणि तिरपा असतो, हे गोल आणि सरळ आत गेलेलं होतं. खात्री करायला मी रात्री त्या पट्ट्यात रांगोळीची पूड पातळ पसरली आणि बंड्याला घरात ठेवलं. (पीठ वापरू नका, ते खायलाच येतील.) सकाळी रांगोळीवर छोट्या छोट्या पावलांची रांग, मधूनच शेपटी ओढल्याची रेघ. घूस. एक नाही, पावलांचे दोन आकार होते.

मुंबईतली घूस ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. ती बिळं लांब करते, दोन-तीन तोंडं ठेवते, आणि कुंपणाच्या जाळीचा तिला काही फरक पडत नाही. आमच्या बिळाचं एक तोंड आत आणि दुसरं कुंपणाच्या बाहेर गटाराकडे होतं. बंड्या तिच्या मागे उकरत उकरत जायचा आणि बाहेर निघायचा. म्हणजे त्याला पळायचंच नव्हतं. एकदा बाहेर आला की मात्र रस्ता, इतर कुत्री, कचराकुंडी, मग त्याला परत यायचं सुचायचं नाही.

घूस आमच्याकडे का आली

इथेच खरं उत्तर मिळालं. बाबांनी त्याच्या आधीच्या डिसेंबरमध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायला प्लास्टिकचा ड्रम ठेवला होता, खाली निचऱ्याला भोकं पाडलेला आणि थेट मातीवर. ड्रम हलवला तर खाली पूर्ण पोकळ. भोकांतून भाताची शितं, भाजीची देठं, आंब्याच्या साली खाली पडत होत्या आणि घुशींनी ड्रमच्या खालीच घर केलं होतं. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू सकाळी कबुतरांना दाणे टाकायच्या, उरलेले दाणे रात्री तसेच. काकूंशी बोलायला आई गेली, मी नाही, कारण त्या दोघींचं तीस वर्षांचं येणंजाणं आहे. आईनं त्यांना आधी बंड्याच्या पायाचं नख दाखवलं आणि मग दाण्यांचं बोलली. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी झाडून घ्यायला सुरुवात केली.

ड्रम आता लोखंडी स्टँडवर आहे, जमिनीपासून दीड फूट, बुडाला बारीक जाळी, खाली निचऱ्याचं पाणी धरायला ट्रे. घुशींसाठी पिंजरे लावले, सुक्या बोंबलाचा तुकडा लावून. आठवड्याभरात तीन अडकल्या.

विषाबद्दल हात जोडून सांगते, घरात कुत्रं असेल तर उंदराचं औषध परसात ठेवू नका. कुत्रं ते स्वतः खातं, नाहीतर ते खाऊन मेलेली घूस खातं. यातली बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात, लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं मलूल होतं, कुठूनतरी रक्त येतं. संशय जरी आला तरी पुडक्याचं रॅपर घेऊन ताबडतोब डॉक्टरकडे जा, लक्षणांची वाट बघू नका, वेळेत गेलं तर यावर व्हिटॅमिन के१ चा उपचार आहे. घुशींसाठी मुंबई महापालिकेकडे १९१६ वर किंवा वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात तक्रार करता येते. माणसं आली की पहिलं वाक्य हेच बोला की घरात कुत्रा आहे, आणि बिळात काय टाकणार ते विचारा.

दुसरं, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या लघवीतून तो जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. पावसात घुशीच्या बिळात तोंड घालणारं कुत्रं म्हणजे सरळ धोका, त्यात नखाला जखम. लसीचं कार्ड काढून बघा, त्यात लेप्टोची लस दिल्याचं लिहिलंय का, आणि ती दरवर्षी द्यावी लागते. बंड्याच्या लसीला दोन महिने उशीर झाला होता, त्याच आठवड्यात दिली. उकरून आला की पाय साबणानं धुवून, बोटांच्या मधली जागा कोरडी करून घ्यायची, आणि धुताना आपल्या हातात ग्लोव्हज, खासकरून हाताला कापलेलं असेल तर.

आता कुंपणाचं काम

कारण गेलं तरी सवय राहते, त्याला तो कोपरा पाठ झाला होता. म्हणून जमिनीचं कामही केलं. आम्ही जाळी जमिनीत आडवी पुरली. नुसती सरळ खाली पुरायची असेल तर दोन फूट खोल चर खणावा लागतो, आणि तरी चिवट कुत्रं खाली जातं. आडवी जाळी कमी खणण्यात जास्त काम करते, कारण कुत्रं नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतं, तिथे जाळी लागली की बाजूला सरकून परत मुळाशीच उकरतं. दोन फूट मागे येऊन तिथून बोगदा काढायचं त्याला सहसा सुचत नाही.

जाळी घ्यायची वेल्डमेश (तारा वेल्डिंगनं जोडलेली), गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली), एक इंची चौकोन, १४ गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा, १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी स्वस्त पडते पण घेऊ नका, ती एका पावसाळ्यात गंजते आणि त्या पातळ तारेत कुत्र्याचं नख अडकून उपटलं जातं. रोल ३ फूट रुंदीचा. १ फूट कुंपणावर उभा आणि २ फूट जमिनीत आडवा, असा काटकोनात वाकवायचा. पाट ठेवून त्याच्या कडेवर पायानं दाबला की छान वाकतो.

कुंपणाच्या आतल्या बाजूनं २ फूट रुंद आणि ६ इंच खोल माती काढली. पावसात उघडीप बघून केलं, शनिवार-रविवार दोन दिवस, बाबा, मी आणि कुदळ-घमेल्याला एक माणूस. आधी बिळाची तोंडं फोडून आत खडी आणि फुटक्या कौलांचे तुकडे ठोकून भरले, आणि आत कुणी नाही याची परत रांगोळी टाकून खात्री केली, मगच. नाहीतर आतली घूस दुसरीकडून तोंड काढते. जाळी बसवली, कुंपणाला दर ६ इंचावर बाइंडिंग वायरनं बांधली, वायरची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून. दोन तुकडे जोडताना ६ इंच एकावर एक घ्यायचे, आम्ही पहिल्यांदा टोकाला टोक लावलं होतं आणि त्याच फटीतून बंड्यानं पाय घातला. जास्वंदीच्या कोपऱ्यात अर्धा इंची जाळीचा आणखी एक थर टाकला, कारण एक इंचातून घुशीचं पिल्लू सहज जातं. वर माती, त्यावर जांभ्याचे तुकडे घट्ट बसवले.

सिमेंट फक्त गेटखाली केलं. तिथे फट होती आणि येण्याजाण्यानं माती कायम सैल, म्हणून ४ इंचाची पीसीसी (सळ्या न घातलेलं साधं काँक्रीट) आणि वर लोखंडी अँगल. बाकी पट्टा मुद्दाम उघडा ठेवला, आमच्या पागोळ्या तिथेच पडतात आणि पाणी मुरायला जागा हवी. तुम्ही पूर्ण पट्टा सिमेंटचा करणार असाल तर उताराच्या टोकाला ३ इंची पाइप सोडा आणि त्याच्या तोंडाला जाळी लावायला विसरू नका, घुशीला तोच रस्ता लागतो.

कुंपणालगत झाडं लावून जागा अडवायची असेल तर कण्हेर लावू नका. मुंबईत अर्ध्या कुंपणांना कण्हेर असते, दिसते सुंदर, पण तिचं पान, फांदी सगळं विषारी आहे आणि उकरणारं कुत्रं मुळंही चावतं.

उकरायची हौस

काही कुत्र्यांच्या अंगातच उकरणं असतं, ते बंद करायला जाऊ नका, जागा द्या. नळाच्या बाजूला सावलीत ४ बाय ३ फुटांचा चौकोन विटांनी आखला आणि आत धुतलेली रेती भरली. पहिले काही दिवस मी बंड्यादेखत त्यात त्याचा रबरी बॉल आणि उकडलेल्या रताळ्याचे तुकडे पुरायचे आणि "शोध" म्हणायचे. चौथ्या दिवशी तो सकाळी उठून आपणहून तिकडे गेला. कोपऱ्याकडे गेला आणि उकरायला लागला तर ओरडायचं नाही, टाळी वाजवून हाक मारायची, रेतीकडे न्यायचं, तिथे उकरलं की शाबासकी. पण हे त्याच क्षणी, नंतर नाही. रात्री रेतीवर ताडपत्री टाका, नाहीतर गल्लीतल्या मांजरी ती घाण करतात. आणि रात्री अकरानंतर बंड्या आता घरातच झोपतो, आमच्या भागात तर कुठलंही कुंपण असलं तरी कुत्रं रात्री बाहेर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला कायम ठेवा. टपरीवाल्या दादांनी नंतर सांगितलं की बिल्ला असता तर त्यांनी रात्रीच फोन केला असता.

काम झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस बंड्या त्या कोपऱ्यात जाऊन नाक लावायचा, दोनदा उकरायला गेला, जांभा लागला, थांबला. ऑगस्टपासून जातच नाही. मी दर महिन्याला एकदा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन पूर्ण कुंपणालगत फिरते, दर फुटावर टोचून बघते. जाळीला लागून टक् आवाज आला की ठीक, आजूबाजूला दोन-तीनदा टोचूनही सरळ आत गेला की तिथली जाळी गंजलीय किंवा माती खचलीय. या मेमध्ये नळाजवळ एका ठिकाणी असा आत गेला, हातभर तुकडा बदलला, आणि पाऊस यायच्या आत सगळ्या बाइंडिंग वायरी परत पिळून घेतल्या.